हशा थांबला तो हिवाळा

परवा पोस्टातून सुटून घरी निघाले होते. नाक्यावर उसाचा ट्रॅक्टर वळत होता. मागं दोन ट्रॉल्या, त्यांवर रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरातून शेजारच्या दुकानाच्या काचा थरथरतील एवढं गाणं. समोर एक परगावची गाडी अडून राहिली होती. ड्रायव्हरनं वरूनच आवाज टाकला, "ओ पावणं, मागं घ्या की जरा! ह्यो काय बैल न्हाय, लगीच वळाय!" गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली केली आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "अहो, भांडताय कशाला?" ड्रायव्हरला खरोखरच काही कळेना. "भांडतोय कुठं? सांगतोय की!" मग तो स्वतःच खाली उतरला, मागच्या दुचाकीवाल्यांना हटवलं, हात दाखवून ती गाडी व्यवस्थित मागं घेतली, आणि जाता जाता खिडकीतून उसाचं एक कांडकं त्यांच्या हातात ठेवून गेला. ते गृहस्थ कांडकं हातात धरून बसून राहिले. रागवावं की आभार मानावेत हे त्यांचं अजून ठरायचं होतं.

मी हेल्मेटच्या आत एकटीच हसत होते. थंडी पडली की मला अशीही हसायची सवय आहे. आमच्याकडं हिवाळ्यात दोन हंगाम एकदम सुरू होतात, उसाचा आणि नाटकाचा. एकीकडं कारखान्यांची धुराडी पेटतात, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास येतो, रात्री लांब कुठंतरी पाचट पेटलेलं दिसतं. दुसरीकडं हौशी नाट्यस्पर्धेच्या तारखा जाहीर होतात आणि दिवसभर कुठं कुठं नोकरी करणारी माणसं संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमून राजे, खुनी आणि घटस्फोटिता व्हायला लागतात. मी त्यातलीच एक. पोस्टात काउंटरला बसते आणि हिवाळ्यात नाटक करते. कितीतरी हिवाळे केले, पण थंडीची पहिली शिरशिरी आली की मला आठवतो तो एकच.

त्या हिवाळ्यापर्यंत मी स्टेजवर फक्त मोलकरीण होते. म्हणजे नाटकं बदलत, मोलकरीण तीच. कधी तिचं नाव सखू, कधी पारू. घरात खून झालेला असो नाहीतर लग्न मोडलेलं असो, मी ट्रे घेऊन आत यायचं, "आवं बाईसाहेब, च्या आनलाय न्हवं" म्हणायचं, लोकांनी हसायचं आणि मी बाहेर जायचं. माझी जीभ शिरोळकडची. शिरोळकडची जीभ म्हणजे विनोद, हे वाटप माझ्या जन्माआधीच कुणीतरी करून ठेवलेलं होतं. नायिकेनं शुद्ध बोलायचं, कारण तिला दुःख असतं. मोलकरणीला दुःख नसतं, तिला फक्त ट्रे असतो.

टीव्ही लावा, आजही तेच दिसेल. "न्हाय" म्हणणारा माणूस एकतर गुंड असतो, नाहीतर वॉचमन, नाहीतर भोळा मामा. "न्हाय" म्हणणारी बाई कधी हृदयाचं ऑपरेशन करत नाही. आता आमच्या कोल्हापुरात "न्हाय" म्हणत ऑपरेशन करणाऱ्या बायका आहेत, मी त्यांच्याकडून औषधं घेतलेली आहेत, पण नाटक लिहिणाऱ्यांना त्या कधी भेटलेल्या नसाव्यात.

बदलीमुळं मी काही काळ पुण्यात होते, बायकांच्या वसतिगृहात. तिथल्या मुली मनानं चांगल्या होत्या. रात्री जेवणं झाली की माझ्याभोवती बसायच्या आणि म्हणायच्या, "शोभा, बोल ना काहीतरी, किती गोड बोलतेस!" मी बोलायचे, त्या लोळून हसायच्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण एकदा गावाहून फोन आला, आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, गेले. मी खोलीत येऊन सांगितलं, "आमचं तात्या गेलं." आणि एकजण हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी तोंड उघडलं की हसायचं, एवढंच तिच्या कानाला माहीत होतं. तिनं नंतर रडून माफी मागितली, आम्ही अजून एकमेकींना दिवाळीला फोन करतो. पण माझ्या आत त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. मला कधीतरी भरल्या सभागृहासमोर आपल्या भाषेत दुःख सांगायचं होतं, आणि कुणी हसायला नको होतं. माझी इच्छा म्हणाल तर तेवढीच.

आणि खरं तर ती माझ्या एकटीची नव्हती. आईचीही होती, पण ती काही बोलायची नाही, म्हणजे कोल्हापुरात आली की बोलायचीच नाही. गावात तिचा आवाज काय सांगू! आमचं रान नदीकडं, घर गावात. जेवणाची वेळ झाली की ती बांधावर उभी राहून हाळी घालायची. हाळी म्हणजे नुसती हाक नव्हे. नावाचं शेवटचं अक्षर ताणत, तोंडाला हात न लावता, उसाच्या शेंड्यांवरून पलीकडच्या मळ्यापर्यंत पोचवायचं. "शोभेऽऽऽ" ऐकू आलं की मी उसाच्या कुठल्या सरीत आहे याचा विचार न करता "आलो गं!" म्हणून ओरडून उत्तर द्यायचे; आमच्याकडं बायकाही "आलो"च म्हणतात. उत्तर दिलं नाही तर हाळी थांबत नसे. ऐकलंय हे कळवायलाच पाहिजे, असा तो रिवाज होता. आमच्याकडं बोलणं मोठं असतं, कारण ऐकणारा लांब असतो.

मग एकदा शहरातल्या एका दवाखान्यात मी औषधं आणायला खाली गेले असताना आईनं मला तशीच हाक मारली. तिथली एक बाई म्हणाली, "अहो मावशी, हे काय शेत आहे का? जरा माणसासारखं बोला." आजूबाजूचे हसले. मी वर आले तेव्हा आई पदर तोंडाला लावून बसली होती. तेव्हापासून कोल्हापुरात ती मुकी झाली. डॉक्टरांनी विचारलं तर मान हलवायची, रिक्षावाल्यानं विचारलं तर माझ्याकडं बघायची. माझ्या शेजारणींना वाटायचं, शोभाची आई फार शांत स्वभावाची आहे. आमच्या गावात हे कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

तर तो हिवाळा. आमच्या संस्थेचे दिग्दर्शक, पेशानं शाळामास्तर, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. त्यांनी त्या वर्षी स्वतः नाटक लिहिलं. कृष्णेला पूर आलाय, गाव छावणीत आलंय, अधिकारी नोंदी घेतायत, आणि एक बाई बसून आहे. तिचा नवरा गोठ्यातल्या म्हशी सोडायला माघारी गेलेला असतो. बाईचं नाव कोंडाबाई. वाचन संपल्यावर सर माझ्याकडं बघून म्हणाले, "शोभाताई, ही तुम्ही." मी ट्रे कुठं आहे ते विचारणार होते.

आणि मग आम्ही एक चूक केली, जी फक्त कोल्हापूरचीच माणसं करू शकतात. आम्ही सगळे इथलेच. कुणी कागलचा, कुणी पन्हाळ्याकडचा, मी शिरोळची. चहाच्या वेळी हॉलमध्ये भडंगाच्या पुडीवरून जो कालवा चालायचा तो ऐकला असता तर कुणालाही आमच्या गावाचं नाव विचारायची गरज पडली नसती. तरी आम्ही ठरवलं, नाटक ग्रामीण आहे, भाषा नीट यायला पाहिजे, आणि आम्हाला आमची भाषा शिकवायला आम्ही मार्गदर्शक बोलावला! विनायकराव. गावरान विनोदी भूमिकांत नाव कमावलेला माणूस, अतिशय प्रेमळ. ते रोज यायचे आणि आमच्याकडून घोटून घ्यायचे. प्रत्येक वाक्याला "आवं" लावा. शेवट ताणा. कमरेवर हात. मान एका बाजूला. चहा पिताना विनायकराव स्वतः साधं सरळ बोलायचे, "च्यात साखर कमी हाय की रं", आणि कप खाली ठेवला की पुन्हा आम्हाला हेल शिकवायचे. आम्हीही शहाण्या मुलांसारखं शिकत होतो. त्यात काही वावगं आहे हे कुणाच्याच मनात आलं नाही.

स्पर्धेआधी प्रयोग अंगवळणी पडावा म्हणून आम्ही तो माझ्याच गावात केला, दूधसंस्थेच्या समोरच्या पटांगणात. थंडी मी म्हणत होती. बायका शाली, टॉवेल गुंडाळून पुढं बसल्या होत्या. मला वाटत होतं, दुसरं कुणी हसलं तरी ही माझी माणसं आहेत, ह्यांच्या घरात पाणी आलेलं आहे, ही हसायची नाहीत. मी कमरेवर हात ठेवून पहिलं वाक्य टाकलं, आणि माणसं जी हसली म्हणता! नवरा गेल्याचं सांगितलं तेव्हा तर चुलत्या-मावश्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. प्रयोग संपल्यावर येऊन म्हणाल्या, "लई झ्याक केलीस गं, पोट दुखालंय!" मी तोंडाचा रंग पुसत पुसत रडले. परक्यानं हसणं एक आणि हे एक.

सकाळी आई गोठ्यात धार काढत होती. मी चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ती म्हशीच्या आडूनच म्हणाली, "शोभे, ती बाई कुठली गं?"

"कुठली बाई?"

"काल तू झालतीस ती."

"आपल्यातलीच की. पुरातली."

आईनं दुसरा सड धरला. मग आई म्हणाली, "आपल्यात असं कोन बोलतंय? नवरा गेलाय तिचा, आन् ती कमरंवर हात ठिवून नाचतीया. मानसं हसतील न्हाईतर काय करतील?"

मी म्हटलं, "अगं, नाटकात तसंच बोलतात."

"मग नाटकातल्या बाईसाठनं आमी का रडावं?" आई म्हणाली, आणि चरवी घेऊन आत गेली.

मी एसटीत बसून कोल्हापूरला आले तेव्हा डोकं भणभणत होतं. आमची लोकं त्यांच्या भाषेला हसली नव्हती. तिच्या नकलेला हसली होती. आणि ती नक्कल इतकी वर्षं इतक्या जणांनी केली होती की आम्हाला आमच्या तोंडातली खरी भाषा स्टेजवर न्यायला लाज वाटत होती. बाहेरच्यांच्या मनात आमचं एक चित्र होतं हे मला माहीत होतं. आम्हीही आरशाऐवजी तेच चित्र भिंतीला लावून त्यात बघून भांग पाडत होतो, हे मला त्या गोठ्यात कळलं.

संध्याकाळी मी तालमीत आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सर विनायकरावांकडं बघायला लागले. मला वाटलं, म्हातारा आता चपला घालून निघून जाणार. विनायकरावांनी भडंगाची पुडी पुढं ओढली. मग म्हणाले, "माजं पयलं नाटक. मी सरळच बोललतो, घरात बोलावं तसं. कुनी ढुंकून बघितलं न्हाय. दुसऱ्या नाटकात जरा हेल काढला, तर टाळ्या. मग काढतच गेलो की." त्यांनी पुडी बाजूला सारली. "बोल पोरी. तुज्या आईगत बोल. मी डोळं मिटून बसतो, मला गोठा दिसला तर ठिवू." त्यानंतर रोज ते डोळे मिटून बसायचे. मी ताणलं की एक बोट वर करायचे. आधी ते बोट खाली यायचंच नाही. हळूहळू ते कमी वर जायला लागलं, आणि एका संध्याकाळी गेलंच नाही. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते, आणि म्हणाले काय, तर "भडंग सादळालाय."

स्पर्धेच्या दिवशी आई आली. येण्याआधी तिनं अट घातली होती, "यिन मी, पर मला कुनासंगट बोलाय लावू नगंस." मी तिला चौथ्या रांगेत बसवलं आणि आत गेले. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला.

अधिकारी झालेल्या नटानं विचारलं, "कुटुंबात एकूण किती जण?" मी म्हटलं, "तीन म्हशी, एक रेडकू, आन् आमी दोघं." सभागृह हसलं. हसू दे, ते वाक्य हसण्यासारखंच आहे. "पती कुठे आहेत?" मी म्हटलं, "मालक दावं सोडाय गेल्तं माघारी." पुन्हा हशा, मधल्या रांगांतून. हा हशा सवयीचा होता, मी त्याला वसतिगृहापासून ओळखत होते. पूर्वीची मी असते तर घाबरून आवाज चढवला असता, नाहीतर हेल काढून त्यांना आणखी थोडं हसवलं असतं. मी काही केलं नाही. हात मांडीवर होते, ते तिथंच ठेवले. आई जशी समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघते तशी हशा संपायची वाट बघत बसले. घाई कसली होती?

हशा संपला. एक खोकला आला, तोही संपला.

मी म्हटलं, "म्हशी आल्या. पवत आल्या. रेडकूबी आलं." आणि मग, अगदी हळू, "माजं मानूस तेवढं आलं न्हाय."

तेवढ्या मोठ्या सभागृहात पंख्याची करकर ऐकू येत होती. बाहेरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचंही गाणं लांब जाईपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. समोरच्या काळोखात शेकडो माणसं बसलेली आहेत आणि एकही हसत नाही, हे माझ्या पाठीच्या कण्याला कळत होतं. कोंडाबाई रडत होती आणि आत मी, शोभा, आनंदानं नुसती उसळत होते. असला आनंद मला आयुष्यात कशानं झालेला नाही. लग्नानंसुद्धा नाही, हे मी नवऱ्याला सांगितलेलं आहे.

निकाल नंतर लागला. आमचं नाटक पहिलं आलं. पेढे वाटले, हलगी लावली, विनायकराव त्या वयात नाचले. त्या वर्षीपासून आमच्या संस्थेत ट्रे घेऊन येणारी पारू बंद झाली. यंदाच्या नाटकात जिल्हाधिकारी बाई आहे. ती भूमिका मागायला गगनबावड्याची एक मुलगी आली, इंजिनीअर आहे. सरांनी सांगितलं, "आवाज मोठा आहे तुझा." ती म्हणाली, "आमच्याकडं पावसात बोलायचं तर मोठ्यानंच बोलाय लागतंय सर, न्हाईतर शेजारच्यालाबी ऐकू येत न्हाय." भूमिका तिला मिळाली. ती जिल्हाधिकारी पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत तिच्याच भाषेत हुकूम सोडते, आणि तालमीत मी अजून कुणाला हसताना पाहिलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या रात्रीचं, प्रयोग संपल्यावरचं. पडदा पडला, टाळ्या वाजत राहिल्या, आणि टाळ्या ओसरल्या तशी मला एकदम आठवण झाली. आई! चौथ्या रांगेत एकटी, बाहेर ही गर्दी, आणि ती कुणाला काही विचारणार नाही. मी रंगही न पुसता, फाटक्या लुगड्यात तशीच बाहेर धावले. बाहेरच्या दालनात माणसाला माणूस चिकटलं होतं. परीक्षक उभे होते, शहरातली मोठमोठी मंडळी उभी होती, भारी साड्या, अत्तरं, हळू आवाजातली चर्चा. लोक माझे हात धरत होते, काही म्हणत होते. मी त्यांच्या खांद्यांवरून बघत होते. चौथी रांग रिकामी झाली होती. दाराशी आई नव्हती. जिन्यापाशीही नव्हती.

आणि मग त्या गर्दीच्या पलीकडून, परीक्षकांच्या आणि अत्तरांच्या डोक्यांवरून, उसाच्या शेंड्यांवरून यावी तशी हाळी आली.

"शोभेऽऽऽ! मी हितं हाय गंऽऽऽ!"

सगळं दालन गप्प झालं. सगळ्या माना वळल्या. खांबापाशी आई उभी होती, पदर खांद्यावर, तोंड उघडं. कुणी हसलं नाही. एक परीक्षक बाजूला सरकले, त्यांच्यामागचे सरकले, आणि आमच्या दोघींच्या मधे सरीसारखी वाट पडली.

हाळी आली की उत्तर द्यायचं असतं. मी छाती भरून श्वास घेतला.

"आलो गं आयेऽऽऽ!"